उंसाच्या फडांत कृत्रिम बुद्धि

हल्लीं सोसायटीच्या ओट्यावर, चावडीपुढें आणि कारखान्याच्या वजनकाट्यावर लागलेल्या गाड्यांच्या रांगेंत एक नवा शब्द वारंवार कानीं पडूं लागला आहे. कोणी त्यास ‘एआय’ म्हणतात, कोणी ‘कृत्रिम बुद्धि’ म्हणतात. बारामतीकडे तिच्या साह्यानें पाणी निम्म्यावर आलें व ऊंस दीडपट झाला, अशी वार्ता एकजण सांगतो. तर दुसरा म्हणतो कीं, शेतकऱ्याच्या खिशांतून पैसे काढण्याचें हें आणखी एक सोंग आहे. आमच्या कोल्हार गांवींहि दोन्ही पक्ष आहेत. गेल्या महिन्यांत संघाच्या कांहीं सभासदांनीं आम्हांस विचारलें, “भाऊसाहेब, यांत तथ्य किती, आणि आपण यांत पडावें कीं पडूं नये?” त्या प्रश्नाचें उत्तर यथामति देण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभींच सांगणें बरें कीं, आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें झालें आणि सारी नोकरी महसूल-खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. पिकांचे तक्ते, आणेवारीचे कागद आणि सात-बाराचे उतारे यांखेरीज आमच्या हातांखालून फारसें कांहीं गेलें नाहीं. परंतु या विषयाची माहिती मिळवूं लागलों तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, या नव्या बुद्धीचें मूळ अन्न म्हणजे नोंदच होय. आणि नोंदीविषयीं आम्हांस थोडेंबहुत कळतें. म्हणून लेखणी उचलण्याचें धाडस केलें आहे.

यंत्र शिकतें म्हणजे काय?

यंत्रास बुद्धि आहे असें म्हटलें म्हणजे पुष्कळांच्या मनांत बोलणारा लोखंडी माणूस उभा राहतो. तसें येथें कांहीं नाहीं. आजवरचीं गणकयंत्रें माणसानें आधीं घालून दिलेल्या नियमांप्रमाणें चालत. ‘ओल अमुक अंशाखालीं गेली तर पाणी द्यावें’ हा नियम माणसानें सांगावा आणि यंत्रानें पाळावा, इतकाच त्याचा धर्म होता. या नव्या प्रकारांत नियम सांगत नाहींत, उदाहरणें देतात. तांबेरा पडलेल्या पानांचीं हजारों चित्रें आणि निरोगी पानांचीं हजारों चित्रें यंत्रापुढें ठेवितात, व प्रत्येक चित्राखालीं ‘हें रोगट’, ‘हें निरोगी’ असें जाणत्या माणसानें लिहिलेलें असतें. यंत्र आरंभीं नुसत्या अंदाजानें उत्तर देतें. उत्तर चुकलें म्हणजे आपल्या आंतील आंकड्यांत किंचित फेरफार करितें, पुन्हां उत्तर देतें, पुन्हां दुरुस्ती करितें. असें लाखों वेळां घडल्यावर त्याचें उत्तर बहुधा बरोबर येऊं लागतें.

आपल्याकडील जुना पाटकरी ढेंकूळ मुठींत दाबून पाहतो आणि उंसास पाणी आज द्यावें कीं चार दिवसांनीं, हें सांगतो. त्यासहि कोणी नियम शिकविले नव्हते. शेंकडों पाळ्या पाहून तो शिकला. त्या अर्थानें यंत्राचें व त्याचें शिकणें एकाच जातीचें आहे. परंतु दोन गोष्टींत अंतर आहे. पहिली ही कीं, पाटकऱ्यानें आयुष्यांत पन्नास शेतें पाहिलेलीं असतात, तर यंत्रास पन्नास हजार शेतें दाखवितां येतात. दुसरी ही कीं, अनोळखी जमिनींत उभें केलें तर पाटकरी ‘मला ही जमीन ठाऊक नाहीं’ असें म्हणतो. यंत्र मात्र कधींहि न पाहिलेल्या जमिनीविषयीं तितक्याच ठासून बोलतें. या दोन गोष्टी ज्यानें ध्यानांत धरिल्या, त्यास या विषयाचा निम्मा भाग समजला असें आम्ही मानितों.

बारामतीस काय केलें?

बारामती येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही संस्था कै. अप्पासाहेब पवार यांनीं १९७१ सालीं स्थापन केली. या संस्थेनें मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठांतील तज्ज्ञ यांच्या सहकार्यानें आपल्या प्रक्षेत्रावर उंसाचा प्रयोग केला, तो २०२४ च्या जानेवारींतील ‘कृषिक’ प्रदर्शनांत लोकांस दाखविला, आणि पुढें सुमारें एक हजार शेतकऱ्यांच्या शेतांवर नेण्याचें काम हातीं घेतलें. २०२५ च्या आरंभीं मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनीं त्याचा जाहीर उल्लेख केला, तेव्हांपासून बारामतीच्या उंसाचें नांव सर्वतोमुखीं झालें.

या पद्धतींत शेतांत एक खांब उभा करितात. त्यावर पाऊस, वारा, उष्णता आणि हवेंतील दमटपणा मोजणारीं उपकरणें असतात. जमिनींत ओल व उष्णता मोजणारीं उपकरणें पुरलेलीं असतात. वरून उपग्रहाचीं चित्रें येतात. माती-परीक्षणाचे आंकडे, लागणीची तारीख व उंसाची जात हीं शेतकऱ्याकडून घेतात. ही सर्व माहिती एकत्र करून यंत्र हिशेब करितें आणि मोबाईलवर मराठींत सल्ला पाठवितें : आज पाणी किती द्यावें, शेताच्या कोणत्या कोपऱ्यांत वाढ खुंटली आहे, कोणत्या रोगास अनुकूल हवा पडली आहे, तोडणीस ऊंस केव्हां पक्व होईल, इत्यादि.

संस्थेच्या सांगण्याप्रमाणें या योगें उत्पन्नांत तीस ते चाळीस टक्के वाढ आणि पाण्यांत निम्म्यापर्यंत बचत होऊं शकते. हे आंकडे खोटे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ते वाचण्याची रीत सांगतों. ज्या शेतांत यंत्र आलें, त्या शेतांत बहुधा त्याच्याबरोबर ठिबकहि आलें, निवडक रोपांची लागण आली, माती-परीक्षण झालें, आणि तज्ज्ञांचें वरचेवर येणें-जाणें सुरू झालें. आतां वाढलेल्या दहा टनांपैकीं किती टन यंत्राचे, किती ठिबकाचे आणि किती माणसांच्या लक्ष देण्याचे, हें वेगळें करणें कठीण आहे. जो आज पाटपाण्यानें सरी भरतो, त्यानें यंत्र विकत घेण्यापूर्वीं ठिबक घेतलें तरी पाण्याच्या बचतीचा बराचसा हिस्सा त्यास यंत्रावांचूनच मिळेल.

खर्चाविषयीं सांगावयाचें तर, मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या सहभागानें जी योजना २०२५ सालीं जाहीर झाली, तींत हेक्टरी २५,००० रुपये खर्च धरून त्याची वांटणी शेतकरी ९,०००, कारखाना ६,७५० आणि इन्स्टिट्यूट ९,२५० अशी केली होती. २०२५-२६ च्या हंगामासाठीं उंसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्यास टनामागें ३,५५० रुपये ठरला. त्या मानानें शेतकऱ्याचे ९,००० म्हणजे हेक्टरीं अडीच टन ऊंस. तोड व वाहतूक वजा धरिली तर तीन टनांच्या वर. म्हणजे हेक्टरीं तीन-साडेतीन टनांची वाढ किंवा तितक्या मोलाची बचत झाली नाहीं, तर त्या सालीं तरी हा व्यवहार आंतबट्ट्याचा ठरेल. चाळीस टक्क्यांच्या वाढीचें स्वप्न पाहण्याऐवजीं हा लहान आंकडा ध्यानांत ठेवणें शहाणपणाचें आहे.

गुंठ्याएवढा डोळा

उपग्रह शेत कसें पाहतो, याचें पुष्कळांस कुतूहल असतें. युरोपीय संस्थेचे ‘सेंटिनेल’ नांवाचे उपग्रह पृथ्वीभोवतीं फिरत असतात व त्यांचीं चित्रें सर्वांस फुकट मिळतात. त्यांपैकीं सेंटिनेल-दोन या जोडीचें चित्र सुमारें पांच दिवसांनीं मिळतें. त्यांतील सर्वांत बारीक ठिपका दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरांचा असतो. आपल्या जुन्या मोजणींतील साखळी ३३ फुटांची, आणि साखळीचा चौरस तो गुंठा; त्याचे चौरस मीटर १०१ होतात. तेव्हां आकाशांतील हा डोळा जवळजवळ बरोबर एक एक गुंठा पाहतो, असें म्हणण्यास हरकत नाहीं. एका एकरांत त्यास चाळीस ठिपके दिसतात.

हिरवें पान लाल प्रकाश शोषून घेतें, आणि त्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांस न दिसणारा प्रकाश पुष्कळ प्रमाणांत परत फेंकितें. या दोहोंच्या फरकावरून पिकाचा जोम काढितात. एखाद्या गुंठ्याचा आंकडा शेजारच्या गुंठ्यांहून घसरला, तर तेथें कांहीं बिघडलें आहे इतकें उपग्रह सांगतो. काय बिघडलें, हें तो सांगत नाहीं. हुमणी लागली, पाणी सांचलें, कीं ठिबकाची नळी उंदरानें कुरतडली, हें पाहण्यास मालकासच त्या गुंठ्यांत जावें लागतें. शिवाय भर पावसाळ्यांत ढगांमुळें हा डोळा मिटलेला असतो. ढगांतून पाहणारे दुसऱ्या प्रकारचे उपग्रह आहेत, पण पानाच्या रंगाची माहिती त्यांच्याकडून मिळत नाहीं. आणि वांटण्या होऊन ज्यांच्या पट्ट्या पंचवीस-तीस फुटांच्या राहिल्या आहेत, त्यांच्या ठिपक्यांत शेजाऱ्याचा बांध व शेजाऱ्याचें पीक मिसळून जातें. महाराष्ट्रांत सरासरी खातें २०१५-१६ च्या गणतीप्रमाणें १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारें सव्वातीन एकर आहे. लहान खातेदारास हें यंत्र थोडें अधुऱ्या नजरेनें पाहतें, हें त्यानें विसरूं नये.

पाण्याचा हिशेब

आमच्या मतें आपल्या भागांत या विद्येचा खरा उपयोग उत्पन्न वाढविण्यापेक्षां जमीन वांचविण्याकडे अधिक आहे. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या प्रवरेच्या दोन कालव्यांनीं या प्रदेशाचें रूप पालटलें. १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ऊंस आला, पैसा आला, शाळा आल्या. आणि त्याचबरोबर भारी काळ्या जमिनींत पाणी मुरून खालचे क्षार वर येऊं लागले. ज्या शेतांत आजोबांनीं खंडीनें गहूं काढिला, तेथें नातवास पांढरी खार झाडून टाकावी लागते, अशीं चोपण झालेलीं शेतें कालव्याखालीं कोणास दाखवावयास नकोत. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊंस, या समजुतीनें हें झालें.

एका एकरावर एक इंच पाणी उभें केलें म्हणजे तें एक लाख लिटरांहून अधिक होतें. उंसास तीन इंचांची एक पाळी द्यावी तर एकरीं तीन लाख लिटर पाणी गेलें. वर्षांतून अशा चारच पाळ्या अनावश्यक ठरल्या आणि त्या टळल्या, तर एकरीं बारा लाख लिटर पाणी वांचलें व तितकें जमिनींत मुरून क्षार वर आणण्याचें टळलें. जमिनींत ओल किती आहे हें आंकड्यांत दिसलें, तर ‘द्यावी कीं न द्यावी’ अशा मनाच्या संशयांत दिली जाणारी पाळी वांचते. हा लाभ काट्यावर दिसत नाहीं. पुढच्या पिढीच्या सात-बारावर दिसतो.

मात्र येथें दोन अडचणी आहेत. यंत्र म्हणतें ‘आज पाणी द्या’, पण पाटाचें आवर्तन तर तीन आठवड्यांनीं येणार, आणि मोटारीस वीज रात्रींची. ज्यांस विहीर किंवा शेततळें आहे त्यांनाच रोजच्या सल्ल्याचा पुरा उपयोग. निव्वळ पाटावर अवलंबून असणाऱ्यास त्याचा उपयोग ‘या आवर्तनांत किती घ्यावें’ इतकाच. दुसरी अडचण नीतीची आहे. वांचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊंस लावला, तर यंत्रानें पाणी वांचविलें असें होत नाहीं; त्यानें फक्त उंसाचें क्षेत्र वाढविलें. निळवंडे प्रकल्प १९७० सालचा. त्याच्या डाव्या कालव्यास २०२३ सालीं पाणी सुटलें. आपल्याच तालुक्यांतील जिराईत गांवांनीं पन्नास वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली, हें आपण बागाईतदारांनीं विसरूं नये.

पिवळ्या पानांची गोष्ट

आतां बोलणाऱ्या यंत्राविषयीं. केंद्र सरकारनें २०२३ सालीं ‘किसान ई-मित्र’ सुरू केलें. तें किसान सन्मान निधीविषयींच्या प्रश्नांस मराठींतहि उत्तर देतें. राज्याच्या कृषि-खात्यानें २०२५ सालीं ‘महाविस्तार’ काढिलें. त्यांत पिकांविषयीं मराठींत विचारतां येतें. खाजगी कंपन्यांचींहि अशीं पुष्कळ साधनें आहेत.

आमच्या शेजारच्या एका तरुण शेतकऱ्याच्या खोडव्याचीं पानें पिवळीं पडलीं. त्यानें आपल्या मोबाईलमधील एका साधनास विचारलें, ‘ऊंस पिवळा पडला, काय करूं?’ उत्तर आलें, ‘नत्राची कमतरता दिसते, युरिया द्यावा.’ त्यानें दोन गोण्या आणण्याची तयारी केली. तितक्यांत त्याचे चुलते शेतांत गेले आणि म्हणाले, “अरे, पिवळीं कोणतीं, जुनीं कीं कोंवळीं?” पाहूं गेलें तों कोंवळीं पानें पिवळट-पांढरीं, शिरा मात्र हिरव्या, आणि जुनीं पानें चांगलीं. नत्र कमी असलें तर आधीं खालचीं जुनीं पानें पिवळीं पडतात. कोंवळ्या पानांवर हिरव्या शिरा राहून पिवळेपणा आला तर तो लोहाच्या कमतरतेचा, आणि आपल्या चुनखडीच्या जमिनींत खोडव्यास हा रोग नेहमींचा आहे. त्यास युरिया हा उपाय नव्हे. हिराकस शेणखतांत मुरवून द्यावें आणि अर्ध्या टक्क्याच्या द्रावणाची फवारणी करावी. मग त्या मुलानें तेंच साधन पुन्हां उघडलें आणि या वेळीं पानें कोणतीं, शिरा कशा, जमीन कोणती, पीक लागणीचें कीं खोडव्याचें, असें सर्व लिहिलें. उत्तर लागलीच फिरलें : ‘लोहाची कमतरता असावी, हिराकस वापरावें.’

यावरून आम्हीं दोन बोध घेतले. एक, यंत्रास विद्या आहे, पण तें आपल्या शेतांत उभें नाहीं. जें आपण सांगूं तेंच त्यास दिसतें. दुसरा, नीट प्रश्न विचारण्यास जें ज्ञान लागतें तें चुलत्यांपाशीं होतें, मोबाईलपाशीं नव्हतें. ज्या घरांत असे चुलते राहिले नाहींत, तेथें चुकीच्या युरियाच्या गोण्या जातील.

नोंदीचा प्रश्न

आतां आम्ही अशा गोष्टीकडे येतों, जी सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, नोकरीच्या आरंभीं, आम्ही एका कचेरींत पिकांचे गोषवारे उतरीत होतों. एका गांवचा पीक-पाहणीचा तक्ता वेळेवर आला नाहीं, आणि वरून तगादा सुरू होता. आम्हीं मागील सालचा तक्ता काढून तोच आंकडा नव्या कागदावर उतरविला. कोणी हटकलें नाहीं. अशा गोष्टी होत असत. त्या वर्षीं फेब्रुवारींत गारा पडल्या. मदतीच्या याद्या त्याच कागदांवरून झाल्या. एका वृद्ध खातेदाराच्या गटापुढें ‘पडीक’ लिहिलें होतें, कारण आदल्या सालीं त्याची जमीन खरोखरच पडीक होती. यंदां तेथें कंबरेएवढा गहूं होता. तो म्हातारा खिडकीशीं येऊन उभा राहिला आणि शांतपणें म्हणाला, “भाऊसाहेब, शेतांतला गहूं गारांनीं नेला, कागदावरला तुम्हीं नेलात.” त्यास मदत मिळाली नाहीं. आम्हीं दुरुस्तीसाठीं धांवपळ केली, पण मुदत टळली होती. तो प्रसंग आमच्या मनांतून आजहि गेलेला नाहीं.

हें येथें सांगण्याचें कारण असें. तेव्हां एका खोट्या आंकड्यानें एका माणसाचें नुकसान झालें. आतां यंत्र त्या आंकड्यांवरूनच शिकणार आहे. ‘या गटांत सोयाबीन आहे’ अशी नोंद आणि त्या गटाचें उपग्रहाचें चित्र, अशा जोड्या दाखवून यंत्रास पिकें ओळखावयास शिकवितात. नोंद खोटी असेल तर यंत्र खोटें शिकतें. आणि मग आपल्याच गांवाविषयीं नव्हे, तर जिल्ह्यांतील प्रत्येक शेताविषयीं तीच चूक करितें.

ही नुसती कल्पना नव्हे. पंतप्रधान पीक विमा योजनेंत २०२३-२४ पासून भात व गहूं यांच्या उत्पन्नाच्या अंदाजांत उपग्रहावर आधारलेल्या अनुमानास निदान तीस टक्के वजन देण्याचें ठरलें, व २०२४ च्या खरिपापासून त्यांत सोयाबीन आलें. म्हणजे नुकसानभरपाईचा कांहीं भाग यंत्राच्या नजरेवर ठरूं लागला आहे. आपल्या राज्यांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. खातेदारानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाईलनें पिकाचें छायाचित्र घ्यावें आणि नोंद करावी, अशी ती रीत आहे. आमच्या काळीं जी लेखणी कारकुनाच्या हातीं होती, ती आतां शेतकऱ्याच्या हातीं आली आहे. असें असतां पुष्कळ खातेदार ती पाहणी कोणाच्या तरी पोरावर सोंपवितात, किंवा ‘लाव कांहींतरी’ म्हणून मोकळे होतात. आम्हीं जी चूक एकदां केली, ती आतां आपण स्वतःच्याच शेताविषयीं करीत आहों. मग गारा पडल्यावर खिडकीशीं जाऊन कोणास बोल लावणार?

इतरत्र काय घडलें?

वारणेच्या खोऱ्यांत १९९८ सालीं सहकारी साखर कारखान्याच्या परिसरांतील सत्तर गांवांत संगणक बसविण्याचा मोठा प्रकल्प झाला. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी माहिती, सर्व गांवांत मिळेल अशी आशा होती. प्रत्यक्षांत शेतकऱ्यांनीं त्याचा उपयोग मुख्यतः उंसाचें वजन, तोडणीची पाळी व खात्यावरील रक्कम पाहण्यासाठीं केला. आणि पुढें २००७ च्या सुमारास कांहीं गांवांत तेंच काम साध्या मोबाईलवरील संदेशांनीं अधिक स्वस्तांत होतें असें दिसून आलें. शेतकऱ्यास जें खरोखर लागतें तेंच टिकतें, बाकीचें झांकून ठेविलें जातें, हा त्यांतील धडा आहे.

कापसाच्या गुलाबी बोंडअळीविषयीं वाधवानी संस्थेनें केलेलें काम याहून बोलकें आहे. शेतांत कामगंध सापळा लावावयाचा, त्यांत सांपडलेल्या पतंगांचें मोबाईलनें छायाचित्र घ्यावयाचें, आणि यंत्रानें ते मोजून फवारणीची वेळ आली कीं नाहीं तें सांगावयाचें. सलग तीन रात्री सापळ्यागणिक आठ पतंग, ही नुकसानीची पातळी शास्त्रानें आधींच ठरविलेली होती. यंत्रानें फक्त मोजण्याचें किचकट काम सोपें केलें. आफ्रिकेंत केनिया व टांझानिया या देशांत कसाव्याच्या पानावरील रोग मोबाईलनें ओळखण्याचें ‘नुरू’ नांवाचें साधन आहे. तें इंटरनेट नसतांहि चालतें. जेथें काम नेमकें व लहान, तेथें यंत्र चांगलें चालतें, असें या दोन उदाहरणांवरून दिसतें.

पावसाच्या अंदाजांतहि प्रगति आहे. २०२५ च्या खरिपांत केंद्रीय कृषि-मंत्रालयानें या विद्येनें तयार केलेला पावसाच्या आगमनाचा अंदाज तेरा राज्यांतील सुमारें तीन कोटी ऐंशी लाख शेतकऱ्यांस संदेशानें पाठविला. त्या सालीं पाऊस केरळांत २४ मे रोजींच आला आणि पुढें मध्येंच थबकला. त्या खंडाची सूचना अंदाजांत आधींच होती, असें मंत्रालयानें सांगितलें. पहिल्या सरीवर घाई करून दुबार पेरणीचा फटका ज्यानें एकदां खाल्ला आहे, त्यास अशा सूचनेची किंमत सांगावयास नको.

आमची सूचना

महाराष्ट्र सरकारनें २०२५ च्या जूनमध्यें या विषयाचें २०२५ ते २०२९ पर्यंतचें धोरण मंजूर केलें असून पहिल्या तीन वर्षांसाठीं पांचशें कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली आहे. तेव्हां ही गोष्ट आपल्या दारीं येणार हें निश्चित. ती कोणत्या अटींवर आंत घ्यावी, याचा विचार आतांच करणें बरें. आमच्या अटी अशा :

१. एकट्यानें यांत पडूं नये. हवामान मोजणारें एक यंत्र आसपासच्या पुष्कळ शेतांस पुरतें. तें संघाच्या किंवा गटाच्या मालकीचें असावें. ओल मोजणारें उपकरण मात्र भारी, मध्यम व चोपण अशा प्रत्येक जातीच्या जमिनींत वेगळें पाहिजे, आणि काळी जमीन भेगाळली म्हणजे त्याचा आंकडा फसवा येतो, हें ध्यानांत ठेवावें.

२. निम्मा फड यंत्राच्या सल्ल्यानें व निम्मा नेहमींच्या रीतीनें करावा. जात, लागणीची तारीख व बेणें एकच असावें. वजन काट्यावर वेगवेगळें करून घ्यावें. एक लागण व एक खोडवा निघाल्याशिवाय कोणतेंहि मत बनवूं नये.

३. प्रत्येक पाळीची तारीख व तास वहींत लिहावे. वहीवांचून ‘पाणी वांचलें’ हें बोलणें वाऱ्यावर जातें.

४. आपल्या शेताची माहिती ही आपली मिळकत समजावी. करारनामा मराठींत मागावा. माहिती कोणास दिली जाईल, आणि आपण सोडून गेल्यावर ती पुसली जाईल कीं नाहीं, हें त्यांत लिहून घ्यावें. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला असून संमति हा त्याचा पाया आहे. न वाचतां अंगठा देण्याची जुनी खोड मोबाईलवर ‘मान्य’ दाबण्यांत पुन्हां येऊं देऊं नये.

५. जो सल्ला देतो तोच खत-औषध विकत असेल, तर त्याचा सल्ला दुसरीकडे पडताळून पाहावा. बाभळेश्वरचें कृषि विज्ञान केंद्र व राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ आपल्या हमरस्त्यावरच आहेत. औषधाची मात्रा त्यांना विचारल्याशिवाय ओतूं नये.

६. ई-पीक पाहणी प्रत्येकानें स्वतः, शेतांत उभें राहून, खरी करावी. यास एक पैसा खर्च नाहीं, आणि वरील सर्वांत ही अट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते.

शेवटीं इतकेंच सांगावयाचें कीं, हें यंत्र देवहि नव्हे आणि चोरहि नव्हे. तें एक नवें कारकून आहे. तें झोंपत नाहीं, कंटाळत नाहीं, लांच मागत नाहीं. पण त्याच्यापुढें जो कागद ठेवाल तोच तें खरा मानतें. आमच्यासारख्या जुन्या कारकुनास निदान एका म्हाताऱ्याचे शब्द रात्रीं आठवतात. या नव्या कारकुनास तसें कांहीं आठवणार नाहीं; म्हणून त्याच्यापुढें खरा कागद ठेवण्याची जबाबदारी आपणां सर्वांवर अधिक आहे. पुढील हंगामांत तीन प्रकारच्या जमिनींत प्रत्येकीं एक एकर असा प्रयोग संघानें आपल्या देखरेखीखालीं करावा आणि त्याचा जमाखर्च याच मासिकांत, नफा असो वा तोटा, जसाचा तसा छापावा, अशी संघाच्या चालकांस विनंति करून हा लेख पुरा करितों.